खिशातला वीस
उकडलेल्या धानाचा वास आला की गोंदियातली राइस मिलमागची मित्राची खोली आठवते. तिथे आम्ही कॉलेजातले चौघे राक्षसांशी लढायचा कल्पनेतला खेळ खेळायचो. त्याचा वीस बाजूंचा फासा गावात कुठला मिळायला, म्हणून पिशवीतून हाउजीच्या एक ते वीस आकड्यांच्या सोंगट्या काढायचो. वीस निघाला की घाव दुप्पट, आमचा राक्षसाला असो की राक्षसाचा आम्हाला. खेळ चालवणाऱ्या त्या मित्राची आई गेली, तेव्हा त्याने नियम बदलला. निघालेला वीस पिशवीत परत न टाकता तो खिशात ठेवू लागला. म्हणायचा, "एकाच माणसाले मोठा घाव दोनदा काऊन लागावा?" दिवाळीआधी त्याचे वडीलही गेले. तेरवीनंतर तो खेळायला बसला, खिशातला वीस काढून पिशवीत टाकला आणि म्हणाला, "राहू दे आत. लागाचा तो लागतेच." कुणीच पिशवीत हात घातला नाही. ती पिशवी आज माझ्या कपाटात आहे. मीही तिच्यात हात घालत नाही.