ग्रिझेलआत्या गढी चढते

ग्रिझेल पिटकेथली म्हणजे माझी आत्या. तिचं चालणं डोळे मिटूनही ओळखता येतं. एक पाय ठप्प पडतो, दुसरा घासत येतो. ठप्प-सर्र, ठप्प-सर्र. जन्मतःच डाव्या खुब्याचा सांधा निखळलेला होता, आणि ते कुणाच्या लक्षात येईपर्यंत बाईसाहेब चालायलाही लागल्या होत्या. शाळेच्या स्वयंपाकघरात ती बटाटे सोलते, पातेली घासते. कुणा पोराने गाजर न खाता ताटात टाकलं की खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडते, "कोण रे तो? तुझा बापही असाच टाकायचा, बघ कसा काटकुळा राहिला!" बाप तिथेच पोराला न्यायला आलेला असतो. तो मान खाली घालतो आणि पोर गाजर खातं. आमच्या बालगी गावात तिला वचकून नसलेला माणूस मला तरी माहीत नाही.

फक्त डनगार्वीचा विषय निघाला की ती गप्प व्हायची.

डनगार्वी म्हणजे आमच्या डोक्यावरची टेकडी. माथ्यावर जुनी गढी आहे. आता गढी म्हणायची ती फक्त सवयीने, कारण एकाआत एक अशा तीन तटांच्या भिंती कधीच्या ढासळल्यात आणि उरलाय तो बैलाएवढ्या दगडांचा खच. टेकडीच्या एका अंगाला आम्ही, दुसऱ्या अंगाला इंव्हरलीन. दर जूनमध्ये एका शनिवारी दोन्ही गावं आपापल्या बाजूने वर चढतात. प्रत्येकी नऊ माणसं, प्रत्येकाच्या खिशात आपल्या ओढ्यातला एक गोटा. गढीच्या मधोमध दगडांची रास आहे, तिच्यावर तो ठेवायचा. पण गाव पोचलं असं कधी म्हणायचं? पहिला पोचला तेव्हा नाही. शेवटच्या माणसाचा गोटा राशीवर पडला की गाव पोचलं. कुणी कुणाला उचलायचं नाही, आपला गोटा दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही. जिंकलेलं गाव गढीत जाळ पेटवतं आणि पहिला नाच त्यांचा. हरलेलं गाव जेवण वाढतं आणि पुढचं वर्षभर टोमणे खातं.

आम्ही इतकी वर्षं टोमणे खात होतो की त्यांची चवसुद्धा लागेनाशी झाली होती. तरणी पोरं ग्लासगोला, अ‍ॅबरडीनला गेलेली. मागे राहिलेल्यांत कुणाचे गुडघे धड नाहीत, कुणाची छाती.

यंदा तर माणसंच पुरेनात.

"आठ," माझे बाबा म्हणाले. आम्ही बारमध्ये बसलो होतो. "दोनदा मोजली. टॉर्किल, एक तू, एक मी, ही आमची ऊना," त्यांनी माझ्याकडे बोट केलं, "सगळी धरून आठच."

टॉर्किल वनखात्यात लाकडं तोडतो आणि चढाईच्या दिवशी आमचा म्होरक्या असतो. त्याने ग्लासातला फेस चाटला. "म्हणजे यंदा निरोपच पाठवायचा. बालगी येत नाही. इंव्हरलीनचा रॅनल्ड खाटीक गावभर पेढे वाटेल."

"पेढे कुठले, तो कलेजीचे तुकडे वाटेल, तेही शिळे," कुणीतरी म्हणालं.

"नऊ," दारातून आवाज आला.

ठप्प-सर्र, ठप्प-सर्र. आत्या आत आली आणि तिने बारच्या काऊंटरवर कोपर टेकलं.

"नववा कोण?" टॉर्किलने विचारलं.

"मी ग्रिझेल. आपली ओळख आहे, मला वाटतं. तुझा पहिला ढेकर मी काढलाय."

कुणी हसलं नाही. सगळे ग्लासांत बघायला लागले. बाबा उठून तिच्याजवळ गेले.

"ताई, अगं, वरच्या तटाचे दगड बघितलेस ना तू?"

"बघितले. तुझ्याआधी बघितले, लॅखी."

बाबा परत जागेवर जाऊन बसले. ते का, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. आत्या शाळेत असताना सगळा वर्ग डनगार्वीवर गेला होता. अर्ध्या चढावर तीन उभे दगड आहेत. तिथे मास्तरांनी तिला बसवलं आणि सगळ्यांचे कोट तिच्या मांडीवर टाकून बाकीच्यांना वर नेलं. हिने थोडा वेळ कोट सांभाळले. मग ते तिथेच ठेवून एकटी निघाली. तटाच्या दगडांवर उभ्याने चढता येईना, म्हणून दगडाकडे पाठ करून बसली आणि हात मागे टेकत, चांगला पाय रेटत, बुडावर सरकत वर आली. वर पोरं बसली होती. त्यांनी तिला पाहिलं, आणि एकजण ओरडला, "खेकडी! खेकडी आली रे!" आत्या पहिला तटही न ओलांडता मागे फिरली. त्यानंतर ती डनगार्वीवर कधी गेली नाही. चढाईच्या दिवशी खाली राहून हरलेल्या गावाचं सूप ढवळायची.

"तटापर्यंत माझी हमी," ती आता म्हणाली. "पुढचं पुढे. का निरोप पाठवताय?"

टॉर्किलने फेस पुसला. "शनिवारी सकाळी चर्चच्या घंटेला हजर राहा, बाई. आणि बूट नीट घाल."

"तू तुझी चेन नीट लाव, मग मला शिकव."

त्याने खरंच खाली बघितलं. तेव्हा मात्र सगळा बार हसला.

ही बातमी इंव्हरलीनला पोचायला रात्रसुद्धा लागली नाही. आणि तिथे त्यांनी जे केलं, ते फक्त इंव्हरलीनच करू शकतं. बालगीने ग्रिझेलला घेतलंय म्हटल्यावर त्यांनी आपला एक चपळ पोरगा वगळला आणि त्याच्या जागी रॅनल्ड खाटकाला घेतलं. रॅनल्ड म्हणजे पोट आधी, मग माणूस. पण पहिला नाच त्याला नाचायचा होता, तोही आपल्या घराण्याचा किल्ट, म्हणजे पुरुषांचा तो गुडघ्यापर्यंतचा घागरा, घालून. आणि नाच जिंकलेल्या नवांनीच नाचायचा असतो. घाई कसली? बालगी तर ग्रिझेलच्या पायाने येणार!

शनिवारी वारा असा होता की ओढ्यावरचं पाणीसुद्धा उलटं उडत होतं. आत्याने बाबांची जुनी मेणकापडी पँट घातली होती, कमरेला दोरी. ओढ्यात वाकून तिने एक तपकिरी गोटा निवडला, पुसला, आणि छातीशी चोळीत खोचला.

"खिशात ठेव की," मी म्हटलं.

"खिसा फाटका आहे. तुझ्या बापाची पँट आहे ही."

घंटा झाली. दरवर्षी आमचे लोक घंटेसरशी पळत सुटतात, पहिल्याच चढावर धापा टाकतात, मग बसतात, मग एकमेकांवर चिडतात. यंदा पळून उपयोगच नव्हता, शेवटचा माणूस ठरलेला होता. म्हणून सगळे तिच्या मागे चालू लागले. मेंढ्यांच्या वाटेने, नेच्यांच्या रानातून, काळ्या दलदलीच्या कडेकडेने. ठप्प-सर्र, ठप्प-सर्र. वेग काही फार नव्हता, पण तो कमीही होत नव्हता.

तीन उभ्या दगडांपाशी दोन घोट घ्यायचा आमचा जुना रिवाज. टॉर्किलने पाठीवरून पिशवी उतरवली, बाटलीचं बूच काढलं, लोण्याची बिस्किटं वाटायला घेतली. आत्या पुढे निघून गेलेली.

"ग्रिझेल! अगं, घोट!"

"मी थांबले की माझा खुबा गंजतो. तुम्ही बसा, प्या, आशीर्वाद द्या. मी चालले."

"पण रिवाज आहे!"

"मग रिवाज घेऊन चालत ये!"

टॉर्किल बूच दातात धरून धावला. बाबांच्या हातात बिस्किटं, माझ्या हातात कुणाचा तरी मफलर. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बालगी त्या दगडांपाशी बसलं नाही. पलीकडच्या अंगालाही असेच दगड आहेत आणि तिथेही हाच रिवाज आहे. वाऱ्याबरोबर तिकडून गाण्याचा आवाज येत होता. इंव्हरलीन बसलं होतं, चांगलं मांडी घालून.

आम्ही माथ्यावर आलो तेव्हा दोन्ही गावांचे बघे आतल्या मैदानावर जमलेले होते. इंव्हरलीनचे आठ जण आमच्या जरासे आधी पोचले आणि आपले गोटे ठेवून कंबरेवर हात देऊन उभे होते. त्यांचा नववा, रॅनल्ड, पलीकडच्या तटाखाली शिट्टीसारखा श्वास घेत होता. आमचे सात जण तिन्ही तट ओलांडून आत गेले. मी खाली आत्याजवळ राहिले.

ती पहिल्यांदाच थांबली होती. समोर बैलाएवढे दगड.

"ऊना, वर किती लोक आहेत?"

"सगळे."

"इंव्हरलीनचेही?"

"त्यांनी तर पुढची जागा धरलीय."

तिने जीभ ओठांवरून फिरवली. गोटा चाचपला. "तू तोंड फिरव बरं."

"मी नाही फिरवणार, आत्या."

"आगाऊ आहेस. जा वर, तुझा गोटा ठेव. जा म्हणते ना!"

मी गेले. गोटा ठेवला आणि वळून तटाच्या कडेला आले. खाली ती दगडाकडे पाठ करून बसत होती. हात मागे टेकले. चांगला पाय रोवला. रेटा दिला. एक दगड वर. पुन्हा हात, पाय, रेटा. मेणकापड दगडावर करकरत होतं.

गर्दीतून एक म्हातारा आवाज आला, जरा घाबरतच, सवयीने निसटल्यासारखा. "खेकडी..."

बाबांच्या मुठी वळल्या. आत्या अर्ध्या तटावर थांबली, मान मागे टाकून तिने वर पाहिलं.

"होय रे, खेकडी!" ती ओरडली. तो शाळेच्या खिडकीतला आवाज होता, गाजरवाला. "आणि दगडावर खेकडीच चढते! तू बसून बघ, तोंड उघडं ठेवून!"

असा काही कल्ला झाला म्हणता! बालगी ओरडलंच, इंव्हरलीनची निम्मी माणसंही ओरडली. "चल गं ग्रिझेल! रेट! रेट!" पहिला तट संपला. ती दुसऱ्याच्या पायथ्याशी सरकत आली, उठलीसुद्धा नाही, तशीच मागे मागे चढायला लागली.

आणि पलीकडे रॅनल्ड. त्याला दगडांवर हात टेकून चढायचं होतं, पण एक हात किल्टला गुंतला होता. वारा खालून येत होता. किल्टखाली रॅनल्ड काय घालतो हे अख्ख्या खोऱ्याला ठाऊक आहे, म्हणजे काहीच नाही.

"अहो, वाका! हात टेका!" त्याची बायको तटावर उभी राहून ओरडली.

"वाकू कसा? वारा बघतेस ना!"

"जन्मभर मीच बघत आलेय, आता गाव बघेल! टेका हात!"

"पाद्री उभा आहे तिथे!"

पाद्रीबाबांनी पाठ फिरवली, अगदी अदबीने. रॅनल्डने तरी किल्ट सोडला नाही. एका हाताने चढत, घसरत, शिव्या देत तो दुसऱ्या तटापर्यंत आला. आत्या तिसऱ्यावर होती. तिला हे सगळं ऐकू येत होतं.

"रॅनल्ड! झाकशील तर हरशील!"

गर्दी इतकी हसली की त्याच्या बायकोला खाली बसावं लागलं. रॅनल्ड लाल झाला, मग जांभळा झाला, आणि शेवटी त्याने किल्ट सोडला. इंव्हरलीनचा मान राखायला त्याने जे त्या दिवशी डनगार्वीला दाखवलं ते मी इथे लिहीत नाही. चार पायांवर तो भराभर चढायला लागला, हे मात्र खरं.

पण आत्या तोवर शेवटच्या दगडावर बसली होती. ती पालथी झाली, गुडघ्यावर आली, उभी राहिली. टॉर्किलचा हात नकळत पुढे झाला आणि बाबांनी तो मागे ओढला. मधलं मैदान सपाट गवताचं. ठप्प-सर्र, ठप्प-सर्र. गर्दी दुभंगून वाट झाली. तिच्या तळव्यांतून रक्त येत होतं, पँटचं बूड पार फाटलं होतं, आतलं फुलाफुलांचं कापड दिसत होतं, आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. तिने चोळीतून गोटा काढला. राशीवर ठेवला. वर तो डुगडुगला. तिने त्याला एक चापट मारली आणि तो बसला.

रॅनल्ड तटावरून डोकं वर काढतच होता.

मग काय झालं ते नीट सांगता येणार नाही. बाबा रडत होते आणि "मी रडत नाही" असं सगळ्यांना सांगत होते. टॉर्किल बाटली उलटी करून आत्याच्या तळव्यांवर ओतत होता आणि ती त्याला "वाया घालवू नकोस, मेल्या, तोंडात ओत" म्हणत होती. जाळ बालगीने पेटवला. पहिला नाच आमचा. रॅनल्डच्या बायकोने सूप वाढलं, पहिला वाडगा आत्याला. तिने एक घोट घेतला आणि म्हणाली, "मीठ कमी आहे, पण चालेल." नाचायला तिने रॅनल्डलाच ओढलं. नियमात बसत नाही, असं कुणी म्हणालं नाही. तो एका हाताने किल्ट धरून नाचला, ती एका पायावर.

थोड्या वेळाने ती दिसेना. मी शोधायला गेले, तर ती पलीकडच्या तटाच्या कडेला उभी. ती बाजू तिने कधी वरून पाहिलेलीच नव्हती. खाली इंव्हरलीन, चर्चचं शिखर, पुलाची कमान, बोटाएवढी घरं.

"ऊना," ती म्हणाली, "हे एवढंच आहे?"

"एवढंच."

"रस्त्याने गेलं की चांगलं मोठं वाटतं गं." तिने हात डोळ्यांवर धरला, नीट न्याहाळलं, आणि मग मान वळवून जाळाकडे हाक टाकली. ती खालच्या गावातही ऐकू गेली असणार.

"रॅनल्ड! ए रॅनल्ड! ये इकडे! तुझं दुकान कुठलं रे त्यातलं? इथून मला काही सापडत नाही!"