मि ठिक आहे

आमचे साडू चष्म्याचं दुकान चालवतात. गिऱ्हाईक आलं की त्याला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची, हा त्यांचा धंदा; आणि दुकान बंद झालं की जगाने लिहिलेली अक्षरं तपासायची, हा त्यांचा धर्म. धंद्यात माणूस फार सौम्य आहे. "दिसत नाही? हरकत नाही, काच बदलू," म्हणतात. धर्माच्या बाबतीत मात्र दयामाया नाही.

फोनवर कोणी 'भावपुर्ण श्रध्दांजली' लिहिलं, की साडू आधी 'पू' दीर्घ करतात, मग 'द' आणि 'ध' यांना आपापल्या जागी बसवतात, आणि त्यानंतर गेलेल्या माणसाबद्दल हळहळतात. एकदा एका अनोळखी बाईंनी हरवलेल्या मांजराचा फोटो टाकून लिहिलं, 'कूठेही दिसल्यास सांगा.' साडूंनी तत्काळ उत्तर दिलं. बाईंनी अधीर होऊन विचारलं, "दिसलं का हो?" साडू म्हणाले, "दिसलं. पहिला उकार हवा."

नातेवाइकांनी आपापल्या परीने बचाव शोधला. त्यांचा धाकटा भाऊ नुसता अंगठा पाठवतो. भावजय फुलांचे फोटो पाठवते. मी जातीने जाऊन भेटतो. साडूंची बायको त्यांच्याच घरात राहते, म्हणून तिला लिहावं लागत नाही; संसाराचा हा फायदा तिला आधी कोणी सांगितला नव्हता.

लेकीचं मात्र साडूंच्या मनाला लागलं होतं. वसतिगृहात असताना ती पानपानभर लिहायची. मैत्रिणींची भांडणं, परीक्षेची भीती, सगळं. एकदा साडूंनी ते सगळं दुरुस्त करून, दहापैकी साडेसात गुण देऊन परत पाठवलं. गुण चांगले होते, असं त्यांचं अजूनही म्हणणं आहे. तेव्हापासून लेक फक्त आवाज पाठवते. लग्न होऊन ती गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली, तरी आवाजच. "बाबा, जेवलात ना? बरं, ठेवते."

"दोन ओळी लिहायला काय जातं हिचं?" साडू मला म्हणाले.

"तपासणार नाही, असं सांगून बघा."

"पोटच्या पोरीशी खोटं बोलू?"

शेवटी त्यांनीच शक्कल काढली. आपण चुकायचं. निदान चूक दाखवायला तरी पोरगी लिहील. एका दुपारी काळजावर दगड ठेवून त्यांनी पाठवलं: 'मि ठिक आहे. दूकान चालु आहे. तु कधि येणार?' याला बराच वेळ लागला, कारण फोन मधे मधे आपणहून सुधारत होता.

लगेच लेकीचा फोन आला. साडूंनी उचलला नाही. त्यांना लेखी उत्तर हवं होतं. मग तिने आईला फोन लावला.

"कालपासून गप्पच आहेत गं," आई म्हणाली. "सकाळी एकटेच काहीतरी पुटपुटत होते."

झालं. लेक नवऱ्याला आणि ओळखीच्या डॉक्टरांना घेऊन दुकानावर थडकली. आत एक गिऱ्हाईक एक डोळा झाकून अक्षरं वाचत होतं, ते तसंच राहिलं.

"बाबा, दोन्ही हात वर करा!"

केले.

"आता हसून दाखवा!"

इथे घोटाळा झाला. साडूंना हसताना कोणी पाहिलेलं नव्हतं. त्यामुळे तोंड आत्ता वाकडं झालंय की मूळचंच तसं, यावर डॉक्टरांचं आणि जावयाचं एकमत होईना.

"अगं, ते मी मुद्दाम लिहिलं होतं."

"मुद्दाम? तुम्ही?" लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. "डॉक्टर, बघा ना, आता भलतंच बोलायला लागले!"

डॉक्टरांनी तपासण्यांची चिठ्ठी लिहून दिली. साडूंनी ती नाकाजवळ धरली.

"डॉक्टर, हे वर छापलंय ना, 'तज्ञ'. त्यात एक 'ज' राहिलाय."

"आजवर एकाही पेशंटने तक्रार केली नाही," डॉक्टर म्हणाले.

"पेशंट होते ते. त्यांना आधीच त्रास होता."

लेकीने बापाच्या गळ्यात पडून हंबरडाच फोडला. "बरे आहेत! अहो, बाबा एकदम बरे आहेत!"

त्या दिवसापासून ती रोज सकाळी लिहिते. बाबांची दुरुस्ती ताबडतोब आली, तर प्रकृती उत्तम समजायची. सुरुवातीला नुसतं 'सूप्रभात' असायचं. आता सासूबाईंचे टोमणे, ऑफिसातली नवी साहेबीण, गळका नळ, सगळं येतं. त्यातल्या चुका मुद्दाम केलेल्या की स्वाभाविक, हे साडू विचारत नाहीत. गुणही देत नाहीत.

परवा सुटीच्या दिवशी मी गेलो, तेव्हा लेकीचा पानभर मजकूर येऊन पडला होता. साडूंनी दुरुस्त्या लिहूनही ठेवल्या होत्या, पण पाठवत नव्हते.

"अहो, पाठवा की!" त्यांची बायको आतून ओरडली. "पोरगी घाबरेल."

"घाबरली की काय करते?"

"काय करणार? धावत येते."

"मग चहाला पाणी जास्त ठेव," साडू म्हणाले, आणि त्यांनी फोन पालथा घातला.