प्रणालीच्या तीन ओळी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच नाही. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. शिवाय तुम्ही मधे बोलत नाही. आमच्या घरात हा गुण कुणालाच नाही.

तशी मी बरी मुलगी आहे हो. सुकापूरला आमच्या सोसायटीत कुणालाही विचारा. लिफ्ट धरून ठेवते, शेजारच्या काकूंना फोनमधलं काही अडलं की धावत जाते, गणपतीत एकवीस मोदक वळते – त्यातले चार फुटतात, पण वळते. वरवर बघाल तर खोट सापडायची नाही. पण आहे. सांगते. जरा आजूबाजूनं येते, सरळ यायला धीर होत नाही.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आमच्या वर्गावर ओपन सोर्सचं भूत बसलं होतं. काही सॉफ्टवेअरचा कोड सगळ्यांसाठी उघडा असतो, जगातल्या कुणीही येऊन त्यात दुरुस्ती सुचवावी. अशा एका प्रकल्पात उन्हाळ्याचे तीन महिने काम करायचं आणि शिकवायला तिकडचा एक जाणता माणूस, मेंटॉर, मिळायचा. नोकरीच्या अर्जात ती एक ओळ असली की काम फत्ते, असं आमचे सिनियर छातीठोक सांगत. मात्र अर्ज करायच्या आधी तुमची निदान एक दुरुस्ती तिथं स्वीकारलेली हवी. आधी वाढायला लागा, मग पंगतीत बसा, असा सगळा मामला.

मी आणि माझी मैत्रीण प्रणाली, दोघींनी मिळून एक प्रकल्प निवडला – भरती-ओहोटीच्या वेळा दाखवणारं ॲप. निवड तिची. ती उरणकडची, कोळ्यांची पोर, वडिलांची स्वतःची होडी. मला समुद्र म्हणजे वर्षातून एकदा भाजलेलं कणीस खायची जागा. पण प्रणाली म्हणाली म्हणजे बरोबरच असणार, एवढा माझा तिच्या डोक्यावर विश्वास होता. अजूनही आहे.

तर त्या प्रकल्पाच्या पानावर चुकांची यादी असते आणि सोप्या चुकांवर 'नवख्यांसाठी' अशी खूण. रीत अशी की जी चूक सोडवायची, तिच्याखाली लिहायचं – 'ही मी घेते.' लिहिलं की ती तुमची, दुसरं कुणी हात लावत नाही. पनवेलच्या एसटी स्टँडवर लोक खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात ना, तेच! आमच्या वर्गाला हे वेगळं शिकवावं लागलं नाही. काही महाभाग तर कोड न उघडताच पाच-पाच ठिकाणी रुमाल टाकून बसले होते.

त्या यादीत एक चूक बरेच दिवस तशीच पडून होती. आपल्या बाजूच्या देशांतले लोक तक्रार करत होते की ॲप पहाटे चुकीच्या वेळा दाखवतं. दिवसा तपासावं तर सगळं ठीक. मी आठवडाभर डोकं आपटून घेतलं, काही हाती लागेना. प्रणालीनं ते कॅन्टीनमध्ये चहा निवायच्या आत सोडवलं.

"भरती रोज पाऊण तास उशिरा येते," ती म्हणाली. "आमचे बाबा पहाटे चारला फोन बघतात, तवा कालचीच वेळ असते. त्याची तारीखच बदललेली नाय."

एवढंच होतं. ॲप परदेशातल्या घड्याळानं दिवस मोजत होतं. आपल्याकडे सकाळचे साडेपाच वाजेपर्यंत त्याच्या लेखी कालचाच दिवस चालू! मी बघतच राहिले. खरं सांगू? आनंद झाला आणि पोटात दुखलंही, दोन्ही एकदम.

तिनं तिथंच मोबाइलवर इंग्रजीत तीन ओळी लिहिल्या. चूक का होते, ही मी घेते, शनिवारपर्यंत करते. आणि टाकायच्या आधी मला पाठवल्या. ती मराठी शाळेतली, मी कॉन्व्हेंटची. सगळं जग वाचणार, तर एकदा मी नजर टाकावी असं तिला वाटलं. कुणी हसणार नाही ना, असं दोनदा विचारलं तिनं.

मी वाचल्या. म्हणाले, थांब, अशा टाकू नकोस – बऱ्याच चुका आहेत. घरी जाऊन नीट करून देते.

घरी गेले. आई मटार सोलत होती, मीही शेजारी बसून सोलायला लागले. मग मधेच हात पुसले, लॅपटॉप ओढला, आणि प्रणालीनं शोधलेलं कारण माझ्या नावानं लिहून खाली टाकलं – 'ही मी घेते.' परत येऊन उरलेले मटार सोलले. मटारभात छान झाला होता, मी दोनदा घेतला.

दुसऱ्या दिवशी तिला काय सांगितलं असेल मी? म्हणाले, तुझ्या ओळी नीट करत होते, तेवढ्यात वाटलं दुसराच कुणी रुमाल टाकेल, म्हणून घाईघाईत माझ्याच नावानं टाकलं गं. भांडेल, निदान रुसेल, अशी तयारी करून गेले होते. तर ती म्हणाली, बरं केलंस, आपल्यातच राहिलं. आणि डब्यातली सुकटाची चटणी माझ्यापुढं सरकवली. मी खाल्ली. चवीनं खाल्ली, काय लपवायचं आता?

माझी दुरुस्ती स्वीकारली गेली. तिकडच्या एका मेंटॉरनं विचारलं, हे सुचलं कसं? मी लिहिलं – माझ्या ओळखीचे एक मच्छीमार आहेत. म्हणजे तिचे बाबासुद्धा मी माझ्या खात्यात वळवले! प्रणालीनं नंतर दुसरी एक चूक घेतली, पण तिथला प्रत्येक शब्द ती आधी मला दाखवायची, आणि मी आज बघते, उद्या बघते करत राहिले. तिची अर्जाची मुदत टळून गेली. माझी निवड झाली. तेव्हा हीच बाई पापलेटं घेऊन सुकापूरला आमच्या घरी हजर, आणि माझ्यापेक्षा जास्त नाचली.

तुम्ही म्हणाल, हाच का गुन्हा? एवढं सोडवलेलं गणित ढापलं, वयच तसं असतं. मीही स्वतःला असंच समजावत आले. पण ते नाही सांगायचं मला. मला सांगायचंय त्या तीन ओळींचं.

त्यांत चूक नव्हती. एकही नव्हती. मी लिहिलं असतं त्याहून स्वच्छ लिहिलं होतं तिनं. आणि मला ते वाचतानाच कळलं होतं.

ती आता खारघरला एका कंपनीत आहे. माझ्यापेक्षा शंभरपट चांगला कोड लिहिते. पण मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही – इंग्रजी कच्चं आहे ना तिचं! तिच्यामागून आलेले दोघं बोलून बोलून पुढं गेले. साध्या रजेचा मेलसुद्धा आधी मला येतो. आणि मी दर वेळी एखादा शब्द इकडचा तिकडं करून देते. नाही केला, तर तिला तो पहिला दिवस आठवून शंका येणार नाही का? इतकी वर्षं मी हेच करतेय.

परवा तिचा असाच एक मेल आला. नव्या टीमची लीड मला करा, असं तिनं साहेबांना लिहिलं होतं. किती दिवस धीर गोळा करत असेल! मी भाचीला कामोठ्याला क्लासला सोडून रिक्षात बसले होते. वाचला. छान होता. ठाम, नेमका, तिच्यासारखा. मी ठरवलं, आज खरं सांगायचं, निदान एवढ्यापुरतं तरी. लिहिलं – एकही चूक नाही, असाच पाठव.

लगेच उत्तर आलं.

"नीट वाच ना गं. माझं कधी बरोबर असतं का?"

रिक्षा सिग्नलला उभी होती. मी एक शब्द बदलला आणि परत पाठवला. तिनं लिहिलं, थँक्यू, तू हायस म्हणून चाललंय माझं.