कॉम्प्युटरखालची पाण्याची बादली

नव्वदीच्या शेवटच्या वर्षांत जळगावात माझं मराठी टायपिंगचं दुकान होतं. पत्र्याखालची एक खोली, एक कॉम्प्युटर आणि मी. मे महिन्यात दुपारी बारानंतर तो आपोआप बंद पडायचा. प्रोसेसर तापतो, पंख्याने भागणार नाही, असं दुरुस्तीवाल्याने सांगितलं. यावलच्या एका शिक्षकांचा प्रबंध माझ्याकडे अर्धा टाइप होऊन पडला होता.

माझे मोठे दीर धुळ्याला फ्रिज दुरुस्त करायचे. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. त्यांनी हे ऐकलं आणि एसटीने सामान घेऊनच आले. तांब्याची एक चपटी डबी त्यांनी स्वतः झाळून आणली होती. ती प्रोसेसरवर बसवायची, तिला दोन नळ्या जोडायच्या आणि बादलीत बुडवलेल्या कूलरच्या मोटरने पाणी तिच्यातून फिरवत ठेवायचं. विजेच्या यंत्रात पाणी म्हटल्यावर मी खुर्ची मागे ओढली.

"घाबरू नको," नाना म्हणाले, "पानी नळीमाच राही."

पहिल्या दिवशी कॉम्प्युटर संध्याकाळपर्यंत चालला. मी टाइप करत होते, पण कान पाण्याच्या आवाजाकडे होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी टेबलाखाली ओल दिसली. नाना चपला दाराशी काढून आत आले आणि नळी कुठे गळते ते बघायला वाकले. मोटर चालूच होती. त्यांनी बादलीत हात घातला आणि एकदम गप्प झाले. ओरडले नाहीत. मान ताठ, डोळे माझ्यावर, हात बाहेर येईना.

मी त्यांना ओढायला धावले आणि मध्येच थांबले. लहानपणी रावेरला आमच्या मळ्यात विहिरीच्या मोटरला एक माणूस चिकटला होता. त्याला सोडवायला गेलेला दुसराही गेला. नाना माझ्याकडे बघत होते आणि मी हात मागे घेतला होता. त्या क्षणाची भीती अजून गेलेली नाही.

बटण त्यांच्या पलीकडे होतं. मी लाकडी स्टुलावर चढले, टेबलावरून वाकले आणि मोटरची वायर हिसडून पिन उपटली. नाना मटकन खाली बसले. श्वास चालू होता, तरी त्यांना हात लावायला मला धीर होईना.

रिक्षाने दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छाती तपासून संध्याकाळी सोडलं. बोटं मात्र बधिर होती. बाहेर येताना नाना हळूच म्हणाले, "घर कोणले सांगू नको."

मी सांगितलं. त्याच संध्याकाळी बूथवरून जाऊबाईंना फोन केला. परत त्यांनी असं काही करू नये, एवढंच माझ्या मनात होतं. नाना त्यानंतर दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत.

पाणी आत उतरून कॉम्प्युटर कायमचा गेला. प्रबंध फ्लॉपीवर होता म्हणून वाचला. उरलेला मी दुसऱ्याच्या दुकानात बसून पुरा केला. पुढे वायरमनने बोर्ड उघडला, तर अर्थिंगची तार कुठेच जोडलेली नव्हती. दोन वर्षं मी त्याच टेबलाशी अनवाणी बसत आले होते.