चालू होऊन बंद पडणारी गाडी

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी वाशीमला एका शाळेत माझी मुलाखत होती. विज्ञान शिक्षिकेची एकच जागा, वेळ अकराची. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि एवढ्या अर्जांनंतर बोलावणं आलेलं हे पहिलंच. मी एसटीने जाणार होते. नवरा म्हणाला, "एसटीनं कायले जातं? मी सोडतो ना तुले."

अनसिंगच्या अलीकडे मोटारसायकल बंद पडली. किक मारली की चालू, जरा पुढे गेली की बंद. तिसऱ्यांदा बंद पडली ती फाट्यावरच्या पानठेल्यासमोर, आणि फुकटचे डॉक्टर गोळा झाले.

पानठेलेवाल्याने लांबूनच सांगितलं, "पलग गेला." ट्रॅक्टर चालवण्यात म्हातारे झालेले एक काका होते. त्यांनी पेट्रोलच्या नळीला तोंड लावलं, थुंकले आणि म्हणाले, "पेट्रोलात पानी हाये." नवऱ्याने प्लग काढला, शर्टाला पुसला, परत बसवला. गाडी चालू झाली. तिघांचे चेहरे असे फुलले, जणू इंजिनाचा शोध यांनीच लावला! थोड्या वेळात ती पुन्हा बंद. मग कार्बोरेटरची पाळी आली. एवढं अज्ञान एवढ्या तोऱ्यात मिरवायला छाती लागते बाई.

तेवढ्यात वाशीमची एसटी आली. मी हात वर केला. नवऱ्याने तो धरून खाली घेतला. "जाऊ दे वं, दोन मिनिटांत होते." एसटी गेली आणि मी मूर्खासारखी बघत राहिले.

मी म्हटलं, "थोडा वेळ थांबलं की चालते, मंग बंद पडते. टाकीत हवा जात नसंन. तेलाच्या डब्याले एकच छिद्र पाडलं तर तेल येते काय?"

तिघंही हसले. काका म्हणाले, "बाई, हे गाडी हाये, सयपाकघर नाही."

वाटलं, नवऱ्याच्या हातातला पाना घ्यावा आणि काकांच्या टाळक्यात घालावा. त्याऐवजी किल्ली घेतली आणि टाकीचं झाकण उघडलं. सुस्स करून हवा आत गेली. झाकणाखाली दुधाच्या पिशवीची पन्नी घट्ट बसवलेली. दसऱ्याला गाडी धुताना टाकीत पाणी जाऊ नये म्हणून नवऱ्याने लावली होती, आणि साहेब विसरले. मी पन्नी काढून फेकली. त्यानंतर गाडी कुठेच थांबली नाही. नवरा मात्र वाशीमपर्यंत सांगत राहिला, "पलग साफ केला ना, म्हणून."

शाळेत पोहोचलो तेव्हा बारा वाजत आले होते. शिपाई खुर्च्या आत नेत होता. "तुमचं नाव दोनदा पुकारलं मॅडम. झाल्या मुलाखती."

मी पायरीवर बसून रडले. मग डोळे पुसले आणि त्याच गाडीवर बसून घरी आले. काय झालं, असं सासूबाईंनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत नवऱ्याने उत्तर दिलं, "नशीबच नाही तिचं, आई."