ह्यांना समजून घेणारी डबी

आमच्या ह्यांना समजून घ्यायला पुण्याहून डबी आली. उभा जन्म एका चुलीवर जेवलो, पण समजून घ्यायचं तेवढं माझ्याकडून राहूनच गेलं, असं बहुधा मुलाला वाटलं असावं.

ह्यांना स्मृतिभ्रंश आहे. मधूनच चिडतात, हातातलं फेकतात. मागे डॉक्टरांनी गोळी दिली, तेव्हा दिवसभर पेंगत राहिले. घास तोंडात तसाच. शेवटी ती बंद करावी लागली. आता मनगटावर पट्टा आणि कोनाड्यात डबी. पट्ट्याला बेचैनी कळली की डबी मुलाच्या आवाजात बोलणार, "बाबा, शांत व्हा. मी आहे ना." सगळी नोंद मुलाच्या मोबाइलवर. ती पाहूनच गोळी परत द्यायची का ते ठरणार होतं. मला धास्ती त्या गोळीची होती.

"यंत्र चोवीस तास लक्ष ठेवतं, आई," मुलगा फोनवर म्हणाला.

"अन् मी काय झोपा काढून राहिली का?"

आमच्या गावात, आसगावभर, डबीचं कौतुक झालं. जो येई तो आधी कोनाड्यात डोकावी, मग ह्यांची चौकशी करी. बेचैनी मात्र वाढली. डबी बोलली की हे उठायचे, दाराआड बघायचे, पलंगाखाली वाकायचे, गोठ्यात जाऊन तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, ढीग उपसायचे. आवरायला गेलं तर मला ढकलायचे.

मुलाचा फोन आला. बेचैनीचा आलेख चढतोय, कारण कळत नाही, गोळी सुरू करू. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती ही.

माझं डोकं तापलं. "कारण मले विचार ना. तुहा आवाज येते अन् तू दिसत नाही. तुले शोधून राहिले ते, गोठ्यात, तनसात. एकदा येऊन जा, दिस त्यायले."

 मुलगा म्हणाला, "आई, त्यात आवाज बदलता येतो."

बदलला. आता कोणी अनोळखी बाई गोड गोड बोलते. हे एकदा मान वर करून बघतात आणि बसून राहतात. दाराकडे जात नाहीत, गोठ्याकडे तर नाहीच. गोळी टळली, हे कबूल करते.

परवा मुलाने खाली उतरलेला आलेख पाठवला. 'बाबांमध्ये खूप सुधारणा आहे,' असं लिहिलं होतं.

मी उत्तर टाकलं, "हो. आता ते तुले शोधत नाईत."