भोंगाबाईंचा आवाज

डेपोत त्यांना सगळे भोंगाबाई म्हणत. बसची घंटा बिघडली तरी ड्रायव्हरचं अडत नसे, मागच्या दारातून या कंडक्टरीणबाई "चला!" म्हणाल्या की बस सुटायची. फुकट्या प्रवाशांची तर बोबडीच वळायची.

पण लेकीला नैराश्याचा आजार आहे असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आणि या एका विषयापुरता त्यांचा आवाज बसला. डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं नीट. हा आळस नाही, फाजील लाडांचा परिणामही नाही. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतील, समुपदेशनही चालू ठेवायचं आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने काही बंद करायचं नाही. भोंगाबाईंना सगळं पटलं. तरीही औषधाच्या दुकानात त्या चिठ्ठी चोरीचा माल असल्यासारखी सरकवायच्या. नणंदेला तर "ताकदीच्या गोळ्या" म्हणून सांगून टाकलं होतं.

एका संध्याकाळी पोरीने गोळी ताटाशेजारी तशीच ठेवली.

"घे गं राणी."

"नाही घेणार. आत्याला काय सांगितलंस ते ऐकलं मी. लाज वाटण्यासारखं काय केलंय मी?"

"अगं, लोक तुला नावं ठेवतील म्हणून..."

"लोकांचं सोड. तुलाच लाज वाटते माझी."

पोर आत्ता कुठे स्वतःहून केस विंचरायला लागली होती. गोळ्या सुटल्या तर सगळ्यावर पाणी पडणार होतं.

"मग मी काय करू, तूच सांग."

"बसमध्ये बोलतेस तशी औषधं माग. मी येते सोबत. मग घेईन."

दुसऱ्या दिवशी दुकानात ही गर्दी! त्यात पुढेच शेजारच्या मावशी. भोंगाबाईंनी चिठ्ठी पुन्हा मुठीत दडवली. पोर नुसती बघत राहिली. मग त्यांनी खांद्यावरची पिशवी ड्यूटीवर सावरतात तशी सावरली.

"माझ्या मुलीच्या नैराश्याच्या गोळ्या द्या! पूर्ण महिन्याच्या!"

दुकानदाराच्या हातून बाटली निसटता निसटता राहिली. मावशींनी मायलेकींना न्याहाळलं आणि जवळ सरकून पुटपुटल्या, "डॉक्टर कुठले गं? आमची नात खोलीबाहेरच येत नाही. कुणाला बोललो नाही आम्ही."

भोंगाबाई तोंड उघडणार, तोच पोरीने त्यांचा हात दाबला.

"आई, हे मात्र हळू सांग," ती म्हणाली आणि गोळीसाठी तळहात पुढे केला.